लाइन चालू आहे!

चिपळूणच्या कुमुदकाकू चांदोरकरांनी घरी इंटरनेट घेतलं आणि पंधरा दिवसांत त्यांचं डोकं उठलं. राउटरचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना. तक्रार केली की कंपनीचे सुपरवायझर हर्डीकर यायचे, "लाइन चालू आहे, तुमचा कॉम्प्युटरच जुना," असं ऐकवायचे आणि काकूंच्या साध्या बटणांच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून तक्रार बंद करून टाकायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मात्र काकूंनी कंपनीला सांगून आधी एक बदल करून घेतला.

हर्डीकर बूट न काढताच दारातून म्हणाले, "काकू, लाइन चालू आहे! किती वेळा सांगायचं? ओटीपी द्या."

"तो आता फोनवर येत नाही, ईमेलवर येतो," काकू म्हणाल्या. "बसा कॉम्प्युटरवर आणि घ्या बघून. लाइन चालू आहे ना?"

हर्डीकर चपापले. "मग... माझ्या मोबाइलवर उघडा."

"परक्याच्या फोनवर पासवर्ड टाकू नका, असं तुमच्याच पत्रकात छापलंय."

ओटीपीशिवाय तक्रार बंद होईना. शेवटी चरफडत हर्डीकर शिडी लावून खांबावर चढले. वायर मुळात जोडलेलीच नव्हती! ती जोडली, तसा दिवा हिरवा झाला.

"आता तरी ओटीपी द्या!" ते घाम पुसत म्हणाले.

काकूंनी सावकाश चष्मा पुसायला घेतला. "थांबा हो, माझा कॉम्प्युटर जुना आहे ना! तोवर बूट काढून बसा."