चिचुंद्रीचा दाणा आणि चपटा दट्ट्या

एक होती चिचुंद्री. नाक लांब. डोळे बारीक. विश्वास कुणावरच नाही.

तिला मिळाला एक शेंगदाणा. भाजलेला. खमंग. भिंतीच्या कडेनं ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

दाणा सुटला. टुण टुण टुण... डुबुक! गेला मोरीच्या भोकात.

चिचुंद्रीनं वाकून पाहिलं. मोरी तुंबलेली. वर जरासं पाणी. खाली काहीतरी काळं काळं. त्यात दाणा अडकलेला.

"कुणी तुंबवली मोरी? कुणी? चीं चीं चीं!"

दाराआड दोघं उभे होते. लांब दांडा, रबराचं तोंड. तुंबलेलं उघडणारा एक दट्ट्या. आणि दुसरा दट्ट्या.

पहिला ओरडला, "मी मोठा! मीच येतो!"

"थांब. तोंड दाखव!"

हुंग हुंग. त्याच्या तोंडाला खाली रबराची शेपटी. आणि वास!

"तू संडासातला! मोरी सपाट, तुला शेपटी. बसशील कसा? मोरीला शिवू नकोस. जा!"

दुसऱ्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"तोंड दाखव!"

हुंग हुंग. तोंड चपटं. उपड्या वाटीसारखं. वास साबणाचा.

"तू मोरीचा. चल, दाब!

मोरी उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

चपटा दट्ट्या म्हणाला, "मोरी तूच तुंबवलीस!"

"मी नाही. तूच असशील!"

"मी नाही. आणि पाण्यात काठ बुडल्याशिवाय मी दाबणार नाही. नुसता वारा सुटतो. फुस्स! बादलीला सांग."

बादलीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"तोंड दाखव! पाणी ओत!

दट्ट्या दाबेना,
मोरी उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

बादली म्हणाली, "मोरी तूच तुंबवलीस!"

"मी नाही. तूच असशील!"

"मी नाही. आणि पाणी कुठलं? मी रिकामी. खडखड! नळाला सांग."

नळाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"तोंड दाखव! पाणी सोड!

बादली भरेना,
दट्ट्या दाबेना,
मोरी उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

नळ म्हणाला, "मोरी तूच तुंबवलीस!"

"मी नाही. तूच असशील!"

"मी नाही. आणि कान पिळल्याशिवाय मी सुटत नाही. द्वारकाआत्याला सांग."

द्वारकाआत्या बसली होती अंगणात. आत्ताच न्हालेली. लांबच लांब केस विंचरत होती. घर तिचं, मोरी तिची.

"तोंड दाखव! नळाचा कान पीळ!

नळ सुटेना,
बादली भरेना,
दट्ट्या दाबेना,
मोरी उघडेना,
माझा दाणा मिळेना!"

आत्या म्हणाली, "काय गं लांबनाके! मोरी तूच तुंबवलीस!"

"मी नाही. तूच असशील!"

"मी? माझ्या घरात मी? जीभ बघा हिची! आधी चोर दाखव. मगच नळ सोडेन."

"चोर मोरीतच बसलाय. मोरी उघड, येईल बाहेर."

"अस्सं? बघतेच त्याला!"

आत्यानं पदर खोचला. निघाली. धप धप धप.

आत्यानं पिळला कान.
नळ सुटला. सुर्रर्र!
बादली भरली. ओतलं पाणी. धबाक!
दट्ट्याचा काठ बुडला. बसला घट्ट.

दाराआडून शेपटीवाला म्हणाला, "मी येऊ?"

"नको!" सगळे ओरडले.

चपट्यानं दाबलं. भचाक!
चपट्यानं ओढलं. भचाक!
भचाक, भचाक, भचाक!

घळघळ घळघळ... मोरी उघडली!

वर आला चोर. काळा. ओला. गोल गोल. केसांचा गुंतवळ! आणि त्यात दाणा.

चिचुंद्रीनं गुंतवळ हुंगला. हुंग हुंग. शिकेकाई!
मग आत्याचे केस हुंगले. हुंग हुंग. शिकेकाई!

नळ बघतो. बादली बघते. दट्ट्या बघतो. सगळे आत्याकडे बघतात.

आत्यानं पदर तोंडावर घेतला.

"आत्या, तोंड दाखव!"

"बरं बाई! माझेच केस. माझंच चुकलं. घे तुझा दाणा."

"हा भिजला. कोरडा दे. आणि मला चोर म्हणालीस, त्याचा एक जास्त दे."

आत्यानं दोन दाणे दिले. भाजलेले. खमंग. चिचुंद्रीनं दोन्ही हुंगले. मगच खाल्ले. कुरुम कुरुम!

आता आत्या काय करते? न्हाली की गुंतवळ उचलते. कागदात गुंडाळते. मोरीत एकही केस टाकत नाही.

आणि बिळातून एक लांब नाक बाहेर येतं.

हुंग हुंग. बघतंय हं!