धक्क्याला बांधलेली होडी

"…मग चुकलं कुठं, तेवढं सांगा."

टिपणीसांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. भिवा मेस्त समोरच्या पेटीत बघत होते.

दुपारची वेळ होती. खाडीकाठच्या मांगरात, होड्या बांधायच्या छपराखाली, लाकडाचा भुसा पसरला होता आणि त्या भुशातच दोघं समोरासमोर बसले होते. मध्ये टिपणीसांनी मुंबईहून गाडीत घालून आणलेली पेटी उघडी होती.

भिवा मेस्त पंच्याऐंशीचे. उभ्या हयातीत त्यांनी मासेमारीच्या साठेक होड्या बांधल्या. आता फळ्या उचलवत नाहीत, म्हणून वीतभर लांबीच्या होड्या करत बसतात. खाडीच्या दोन्ही काठांवर कुणाचं काही अडलं की तो त्यांच्याकडे येतो, मग ते अडणं होडीचं असो की घरातलं. बोलणं मात्र बेताचं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर ते त्याच प्रश्नाचं असेल असंही नाही.

टिपणीस याच्या अगदी उलट. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायचा. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या एका खोलीत खाडीकाठचा एक जुना रेल्वेचा मालधक्का उभा केला होता, खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शानं. रूळ, इंजिन, मालडबे, क्रेन, सगळं मापात. पेटीत त्याच धक्क्याचा एक सुटा तुकडा होता. धक्क्याला लागून रेझिनचं हिरवट पाणी, आणि त्या पाण्यात तीन होड्या.

"आधी बाजारात शोधल्या," टिपणीस म्हणाले. "शंखशिंपल्यांच्या दुकानांत मिळतात त्या शोभेच्या. मग स्वतः बांधल्या. फळी न् फळी मोजून. चार महिने लागले."

मेस्त वाकले. एका होडीच्या अंगावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"होडी बरी आसा."

"नुसती बरी?"

"बरी म्हंजे बरी. हेच्यात खोट नाय."

"मग वडील बघत का नाहीत तिच्याकडे?"

"आता वडील खंयसून इले मदी?"

टिपणीसांनी पेटीची कडा चाचपली. हे सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं.

"…धक्का त्यांचाच," ते म्हणाले. "बावीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते तिथं. आता एक्याण्णव. अंथरुणावरून उठवत नाही. धक्का तर केव्हाच पाडला. म्हणून त्यांच्यासाठी घरात बांधला. पहिल्या दिवशी त्यांचा पलंग जवळ ओढला, तर त्यांनी रुळांवरून बोट फिरवलं. हसले. मग म्हणाले, होड्या कुठंयत?"

"बरा. मगे?"

"माझ्याकडच्या रेल्वेच्या नकाशात होड्या नव्हत्या. मी म्हटलं, बाबा, तुमची गल्लत होतेय. हा मालाचा धक्का. नकाशा काढून दाखवला त्यांना."

"नि ते?" मेस्तांनी विचारलं.

"त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पाच महिने झाले. माझ्याशी एक शब्द नाही."

बाहेर कुणीतरी रंधा मारत होतं. त्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"मागून एक जुना फोटो मिळाला. कोपऱ्यात मासळीच्या तीन होड्या. बाबांचंच बरोबर होतं. म्हणून या बांधल्या, फोटोत होत्या तिथंच लावल्या. पलंग पुन्हा ओढला. त्यांनी एकदा बघितलं… आणि डोळे मिटून घेतले." टिपणीसांनी पेटी पुढे सरकवली. "होडीत काहीतरी चुकलंय, मेस्त. तेवढं दुरुस्त करून द्या. होडी बरोबर झाली की ते बोलतील. आता त्यांच्या हातात फार दिवस नाहीत."

मेस्तांनी नखानं एका होडीची दोरी छेडली. दोरी टणकन वाजली.

"ही कोणी बांधल्यान?"

"मीच. का?"

"डबो डब्याक जोडतत तशी बांधलात."

"घट्टच हवी ना! कपलिंग ढिलं राहिलं तर अख्ख्या गाडीला हिसके बसतात."

"नि सुकती इली मगे?"

"सुकती?"

"पाणी खाली गेला मगे?"

टिपणीसांना हसू आलं. "अहो, हे रेझिन आहे. एकदा ओतलं की दगड. ते कुठं उतरतंय!"

"उतरत नाय, ता पाणी नव्हे."

टिपणीसांचं हसू तिथंच राहिलं.

मेस्त गुडघ्यांवर हात टेकून उठले. कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा टप होता, काठोकाठ भरलेला. छोट्या होड्या कुठं गळतात ते बघायला तो ठेवलेला असे. त्यांनी फळीवरची आपली एक होडी पाण्यावर सोडली आणि तिची दोरी टपाच्या कडीला बांधली. अगदी टिपणीसांनी बांधली होती तशी, ताठ. नंतर प्लास्टिकचा मग घेऊन ते टपातलं पाणी बादलीत काढू लागले.

एक मग… दुसरा… तिसरा…

टिपणीस टपाजवळ सरकले.

दहाव्या मगाला होडीचं नाक वर झालं. पंधराव्याला ती कलली. वल्ही आतून घरंगळली आणि पाण्यात पडली. पाणी आणखी खाली गेलं, तशी होडी नाकाला धरून टपाच्या भिंतीवर लोंबू लागली. नाकाची फळी करकरली.

"अहो, फाटेल ती! सोडा!"

"तुमी सोडा."

टिपणीस गुडघ्यावर आले. गाठ सुटेना. होडीचा सगळा भार गाठीवर आला होता. त्यांनी नखं लावली, जोर केला, नख मोडलं. आयुष्यभर तारा आणि खटके हाताळलेला माणूस, पण एवढीशी गाठ त्याला दाद देईना.

"कात्री द्या."

"कात्री कित्याक?"

मेस्तांनी बाजूच्या बादलीत मग बुडवला आणि पाणी टपात ओतलं. पुन्हा एक. पुन्हा एक. घाई नव्हती. पाणी चढत गेलं, कलती होडी सरळ झाली, तरंगली. दोरीला झोळ पडला.

"आता बघ."

ते पहिल्यांदाच एकेरीवर आले होते.

टिपणीसांनी गाठीला बोट लावलं. गाठ चिमटीत सुटली.

ते सुटलेली दोरी हातात धरून बसले. मग सवयीनं त्यांनी खिशातून पट्टी काढली.

"सैल किती सोडू? नेमकं सांगा."

"तुझ्या धक्क्यार पाणी किती उतरता?"

"ते नकाशात…" टिपणीस थांबले. "ते वडिलांना ठाऊक."

मेस्तांनी मान डोलावली.

"पण ते बोलतच नाहीत हो. आणि बोलत होते तेव्हा तरी काय? भलत्या वेळी अंथरुणातच उठून बसायचे. झेंडी दे म्हणायचे, गाडी लागलीय म्हणायचे."

"तू काय सांगी होतंस?"

"काय सांगणार? बाबा, गाडी बंद झाली. धक्का पाडला. तुमच्या बरोबरची माणसंही गेली…"

"कित्याक सांगी होतंस?"

"खरं होतं म्हणून!"

हे शब्द मांगरात जरा मोठ्यानंच उमटले. टिपणीसांनी खाली बघितलं. पट्टी हातातून भुशात पडली होती. त्यांना रडू येत होतं आणि या वयात परक्याच्या दारात रडायची लाजही वाटत होती. लाज हरली.

मेस्तांनी रडू दिलं. तोवर त्यांनी पेटीतल्या तिन्ही होड्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि झाकण लावलं.

"होडी मग दुरुस्त नाही करणार?" डोळे पुसत टिपणीसांनी विचारलं.

"होडयेत खोट नाय, सांगलंय मा तुका."

"मग आता मी जाऊन करू तरी काय?"

मेस्तांनी पेटी उचलून त्यांच्या हातात दिली. दारापर्यंत सोबत आले. उंबऱ्याशी थांबून खाडीकडे बघत राहिले…

"घराक जा. बापाशीच्या उशाक बस," ते म्हणाले. "नि विचार तेंका, आज मासळी काय इली?"