पातेल्यावरचं नाव

गरिबाघरच्या लग्नाला भांडी फुकट मिळावीत म्हणून आमच्या गावात एक धर्मादाय ट्रस्ट आहे. त्याचे अध्यक्ष नानासाहेब हेर्लेकर एके दिवशी भांड्यांवर नावं घालणाऱ्या हुसेनभाईला घेऊनच बैठकीला आले आणि म्हणाले, "सगळ्या पातेल्यांवर माझं नाव घाल."

बाकीचे विश्वस्त गोंधळले. एकदा नाव पडलं की पातेली यांच्या घरी जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण बोलायचं काय?

"कायद्यानं ट्रस्टची मिळकत विश्वस्तांच्याच नावावर असते ना?" नानासाहेब गरजले. "मग नाव माझंच!"

वकिलीचं एक वर्ष केलेला दिनकर आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला, मग त्यानं पाणी मागितलं. नावावर असतं पण आपलं नसतं, हे कसं काय? कुणालाच सांगता येईना.

नव्यानंच विश्वस्त झालेल्या ताराक्का शांतपणे म्हणाल्या, "नानासाहेब, कागदावर आपलं नाव असतं ते राखणदार म्हणून. भांड्यावर मात्र दोघांचीच नावं घालतात. ज्यानं भांडं दिलं त्याचं, नाहीतर ज्याच्या स्मरणार्थ दिलं त्याचं. तुम्ही तर ट्रस्टला साधा चमचाही दिलेला नाही."

हे ऐकून बिचारा हुसेनभाई मात्र गोंधळला. त्यानं पातेलं मांडीवर घेतलं, छिन्नी टेकवली आणि अदबीनं विचारलं, "मग साहेब, नावाआधी 'कैलासवासी' घालायचं ना?"