सायत्राची पाठधुरी

मोहतळीच्या तळ्यावर माणसांपेक्षा डासांचंच राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली, ते कुणी विचारू नये. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला ती तिच्या आजीनं सांगितली, आणि त्या आजीलाही कुणीतरी सांगितलीच होती. म्हणजे फारच जुनी म्हणायची.

तळं केवढं, तर या काठावरून मारलेली हाक त्या काठाला पोचेपर्यंत दमून जाई. मागे डोंगर, डोंगरावर साग, बांबू आणि मोह. गाव ढिवरांचं, मासळीवर जगणाऱ्यांचं. दसरा झाला, पाणी निवळलं, की गावातले बाप्ये पलीकडच्या काठावर नऊ दिवसांचा डेरा टाकत. सांजेला जाळी टाकायची, पहाटे ओढायची. मिळालेली मासळी सुकवून ठेवायची आणि पुढे कितीतरी महिने घरादारानं ती खायची. डेऱ्याचे नियम मात्र कडक. बायकांनी डेऱ्यात यायचं नाही. जाळी पाण्यात असताना काठावर विस्तव करायचा नाही, कारण धूर दिसला की मासा तळाला जाऊन बसतो, असं सगळे मानत. आणि ज्या घरचा माणूस नऊच्या नऊ दिवस डेऱ्यावर बसला नाही, त्या घराची तळ्यावरची जागा गेली. एका वर्षापुरती नाही, कायमची.

आणि त्या काठावर डास होते. साधेसुधे नव्हेत. असं म्हणतात, की ते बैलाच्या शिंगालासुद्धा एकदा चावून बघत. दिवस मावळला की पाण्यावरून ढगासारखे उठत. त्यांच्या जोडीला चिलटं, डोळ्यांत आणि नाकात शिरणारी. डोंगरात शिकारीला जाणारे धीट गडी, अस्वलाला न भिणारे, पण या काठावर मुक्काम करायची वेळ आली तर चार कोस जास्त चालत. ढिवरांना तशी सोय नव्हती. नऊ दिवस अंग खाजवत काढायचे, सुजलेल्या तोंडानं घरी यायचं, आणि मग दिवाळीच्या तोंडावर थंडी वाजून ताप भरायचा. लोक म्हणत, तळ्याची आई आपला वाटा घेते.

या गावात डोमा नावाचा एक ढिवर होता, आणि सायत्रा ही त्याची बायको. डोमा बोलायला कमी, हसायला जास्त. सायत्राचं उलटं. ती बोलायला लागली की शेजारणी पाण्याची घागर खाली ठेवून उभ्या राहत, कारण लवकर सुटका नाही हे त्यांना माहीत असे. दोघांना मूलबाळ नव्हतं. एकमेकांना जपण्याखेरीज दुसरं कामच नव्हतं म्हणा ना.

डोमाला दोन वर्षं लागोपाठ डेऱ्याचा ताप भरला. दुसऱ्या वेळी तो होळीपर्यंत खाटेवर होता. वैदूनं त्याच्या पोटावर हात फिरवला आणि सायत्राला दाराशी बोलावून सांगितलं, "बाई, हा ताप तिसऱ्यानं भरला तं मले बोलवू नको. माझ्यानं काही होनार नाही."

सायत्रा त्या दिवसभर बोलली नाही. शेजारणींना वाटलं, ही आजारी पडली.

तिसरा दसरा आला. डोमा डेऱ्यावर गेला नाही तर जागा जाणार, आणि गेला तर माणूस जाणार. सायत्रानं ठरवलं, जागाही जाऊ द्यायची नाही आणि माणूसही. डास चावले नाहीत तर तापही येणार नाही, असं मनाशी धरून तिनं करंजीच्या झाडाच्या बियांचं तेल काढलं. कडू जहर, वास असा की मांजर घर सोडून गेलं. डोमा निघाला तेव्हा तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत ते चोपडलं.

आता इथं तिची चूक झाली, आणि ती कुणा ढिवरणीचीच व्हावी अशी होती. करंजीची पेंड डबक्यात टाकली की मासे गुंगून उलटे होतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण विष सगळं पेंडीत राहतं आणि तेल निर्मळ निघतं, अशी तिची समजूत. डोमा पहिल्याच सांजेला कमरेएवढ्या पाण्यात उतरला. तिथेच दिवसा गळानं धरलेल्या जिवंत मासळीची मोठी टोपली पाण्यात बुडवून ठेवलेली होती. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला, आणि बघता बघता टोपलीतले मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले.

डेऱ्याचा म्होरक्या होता कवडूआजा. आवाज फाटका, मन खरं. त्यानं डोमाचा हात हुंगला आणि तो भडकला. "करंजी आनली तळ्यात? अरे, आपन मासे धरतो का तळं मारतो?" डोमाला त्यानं काठावर बसवून राखेनं आणि चिखलानं घासून काढलं. कातडी लाल होईपर्यंत घासलं. आणि बजावलं, "पुन्हा असं झालं तं डोमा, तुझी जागा गेली. मंग मले काही म्हनू नको."

दुसऱ्या दिवशी भाकर पोचवायला गेलेल्या माणसानं हे सगळं गावात सांगितलं. सायत्रानं कपाळावर हात मारून घेतला. घासून सोललेल्या कातडीवर डास किती तुटून पडले असतील, या विचारानं तिनं ताट बाजूला सारलं. ती उठली आणि तळ्याला वळसा घालून डोंगराची वाट चालू लागली. कुठे जायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी नत्थू गुराखी गुरं घेऊन बसलेला असे. सायत्रा तिथं पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. तिनं पाहिलं, नत्थूच्या म्हशी निवांत रवंथ करताहेत, शेपटीसुद्धा हलवत नाहीत. गोठणीच्या कडेला गोवऱ्यांचा विस्तव धुमसत होता आणि त्याचा धूर गुरांच्या पाठीवरून सरपटत चालला होता.

"दादा, तुले ताप येते का कधी?" सायत्रानं विचारलं.

"मले कायले येईन?" नत्थू म्हणाला. "डास चावन तवा ना झोप उडन, अंग खंगन. माह्याजवळ येतेच कोन?"

त्यानं तिला सगळं दाखवलं. खाली सुकी गोवरी पेटवायची, वर ओली ठेवायची, त्यावर निरगुडीचा आणि कडूनिंबाचा पाला. जाळ होऊ द्यायचा नाही, जाळ झाला की धूर मेला. आणि मुख्य म्हणजे धुरी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायची. "सांजेला डोंगराचा वारा पान्याकडं उतरते," तो म्हणाला. "त्याच्या पाठीवर धूर बसव. मंग तो आपल्या पायानं जाते."

डेरा आणि डोंगर यांच्या मधोमध एक काळा खडक होता, हत्ती बसल्यासारखा. डेऱ्याची हद्द त्याच्या अलीकडे संपे. त्या सांजेला सायत्रा डोक्यावर गोवऱ्यांची पाटी आणि काखेत निरगुडीचा भारा घेऊन त्या खडकावर चढली. मडक्यात विस्तव केला, पाला घातला आणि लुगड्याच्या पदरानं वारा घालू लागली. निळा धूर उठला, जरा घुटमळला, आणि खडकावरून उतरून थेट डेऱ्यात शिरला. माणसांच्या डोक्यांवरून, खोपटांवरून गेला आणि पाण्यावर जाऊन पसरला.

कवडूआजा काठी आपटत वर आला. "बाईनं डेऱ्यात यायचं नाही, ठाऊक नाही का तुले?"

"मी कुठं आली डेऱ्यात, आजाजी?" सायत्रा म्हणाली. "मी तं खडकावर बसली हाव."

"अन् हा विस्तव?"

"तोबी खडकावरच हाय. धूर येत असन तुमच्याकडं, तं त्याले सांगा तुमी."

म्हातारा धुराला काय सांगणार? मग त्याच्या ध्यानात आलं, की इतका वेळ आपण धुरात उभे आहोत आणि एकदाही मानेवर थापट मारलेली नाही. तो म्हणाला, "उद्या जाळं रिकामं निघालं तं तुहा डोमा या तळ्यावर उभा राहनार नाही. सांगून ठेवतो." आणि खाली उतरला.

सायत्राचा जीव टांगणीला लागला. तरी तिनं मडकं विझवलं नाही.

पहाटे जाळी ओढायला दहा माणसं कमी पडली, असं म्हणतात. झालं होतं असं, की धुरानं हुसकलेले डास आणि चिलटं पाण्यावर जाऊन पडली आणि त्यांच्या मोहानं मासा तळाचा वर आला. रोहू आला, कतला आला, आणि ज्याला पाहिलेला एकही माणूस जिवंत नव्हता असा दाढीवाला जुनाट वाघूर मासाही आला, असं सांगणारे सांगतात. कवडूआजा जाळ्याकडे बघत राहिला, मग खडकाकडे बघत राहिला. त्या दिवशी भाकर आणणाऱ्या माणसाकरवी त्यानं गावातून दोन पाट्या गोवऱ्या मागवल्या आणि मुकाट्यानं खडकाखाली ठेवल्या.

त्यानंतर सायत्रा खडकावरच राहिली, रोज सांजेला धुरी करू लागली. असं म्हणतात, की धूर तिच्या शब्दात होता. ती म्हणे, जरा डावीकडं, म्हातारा तिकडं निजलाय, आणि धूर डावीकडे वळे. डेऱ्यातली माणसं कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या काठावर गाढ झोपली. डोमाच्या अंगावरचे वळ गेले, गालावर रंग आला. तो रोज खालून हात उंचावून हसे आणि ती वरून हात हलवी. ती वर बोलत असे ते त्याला ऐकू येत नसे, पण ती बोलतेय एवढं दिसे, म्हणजे सगळं ठीक आहे असं त्याला वाटे.

नवव्या दिवशी डेरा उठला. डोमानं सगळ्यात मोठा रोहू खांद्यावर घेतला आणि बायकोला द्यायला खडकावर चढला. आणि तिथंच थबकला.

एवढी माणसं त्या डेऱ्यात, पण ही साधी गोष्ट इतक्या दिवसांत एकाच्याही डोक्यात आली नव्हती. धूर वाऱ्याबरोबर खाली जातो. जो धूर करतो, तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसतो. त्याच्यापर्यंत धूर पोचतच नाही. डेऱ्यातून उठलेला आणि पाण्यावर न पडलेला प्रत्येक डास डोंगराकडे फिरला होता आणि वाटेत त्याला सायत्रा सापडली होती. पदर वारा घालण्यात गुंतलेला, दंड उघडे, पाठ उघडी. तिचं अंग सुजून ओळखू येईना. ती थंडीनं कुडकुडत होती आणि तिचा हात अजून पदर हलवत होता.

"बोलली काहून नाही?" डोमा रडत म्हणाला. "एवढी बोलतेस, अन् हे बोलली नाही?"

"तुमाले झोप लागली होती," सायत्रा म्हणाली. "कशी उठवू?"

डोमानं मासा तिथंच टाकला आणि तिला पाठीवर घेऊन गावात आणलं. कवडूआजा अनवाणी वैदूकडे धावला. डोमा रोज सांजेला तिच्या खाटेच्या वरच्या अंगाला बसून निरगुडीची धुरी करी आणि ती पडल्या पडल्या सांगे, जाळ होऊ देऊ नका, पाला घाला, असं नाही, तसं. कार्तिकाच्या पुनवेला सांगता सांगता ती थांबली. त्या घटकेला वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं. तरी तिच्या मडक्यातला धूर दारातून बाहेर पडला आणि तळ्यावरून सरळ डोंगराकडे, वाऱ्याच्या घराकडे गेला, असं म्हणतात. साऱ्या गावानं तो पाहिला.

पुढच्या दसऱ्याला डेरा पडला तेव्हा कवडूआजा डोमाला म्हणाला, "तू यंदा जाळं टाकू नको, बाबा. तुही जागा कुठं जात नाही. तू तिच्या जाग्यावर बस." डोमा खडकावर चढला. त्यानं मडकं पेटवलं, पाला घातला, डेऱ्यावर धूर सोडला. आणि मग उघड्या पाठीनं डास यायची वाट पाहत बसला. चावू देत म्हणाला. तिला चावले तेवढे मला चावू देत.

पण डास आले नाहीत. थोड्या वेळानं त्याच्या पाठीला काहीतरी ऊबदार लागलं. त्यानं वळून पाहिलं. डोंगराच्या अंगानं, जिथं विस्तव नव्हता की माणूस नव्हतं, तिथून निळा धूर उतरत होता आणि तो त्याच्या पाठीशी येऊन थांबला होता. त्याला निरगुडीचा वास होता. डोमा ओक्साबोक्शी रडला आणि मग, कितीतरी दिवसांनी, हसला.

तेव्हापासून मोहतळीच्या डेऱ्यावर दोन धुऱ्या लागतात. खडकावरची दुसरी. पहिली तिच्याही वर, डोंगराच्या अंगाला, रिकाम्या जागेपुढं. तिच्याजवळ कुणी बसत नाही. तिला पाठधुरी म्हणतात. खडकावर जो बसायचा, तो बाई असो की बाप्या, आधी वर बघून विचारतो, "सायत्रामाय, बसू का?" आणि पाठीला धूर लागल्याशिवाय बसत नाही. शिकारीला आणि मधाला जाणारे लोकही आता त्या काठावर मुक्काम करतात आणि हाच रिवाज पाळतात. करंजीचं तेल मात्र अजून कुणी तळ्यात नेत नाही.

आणि गावात आणखी एक चाल आहे. एखाद्या घरी कुणी दुखणाईत असलं आणि घरातली बाई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसलेली असली, की शेजारीण दुखणाइताचं विचारायच्या आधी तिला विचारते, "तुह्या पाठीले धूर हाय का, बाई?"

ती काही बोलली नाही, तर शेजारीण आत येते, तिच्या हातातला पंखा काढून घेते आणि म्हणते, "जा, नीज घडीभर. मी बसतो."