धुतलेली मुळं

फार वर्षं झाली नाहीत, पंपाने नळीतून पाणी फिरवून मातीशिवाय भाजी पिकवायची नवलाई गावात नुकतीच आली होती. वेणूबाईंनी वाफ्यातला पुदिना उपटला, त्याची मुळं नळाखाली चोळचोळून धुतली आणि परसातल्या पांढऱ्या नळीच्या भोकात तो बसवला.

“सुटलो बाबा त्या घाणीतून,” पुदिना म्हणाला.

खुंटीवर टांगलेल्या खुरप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “घाण? लेका, काडीएवढा होतास तेव्हा त्याच मातीनं तुला धरून ठेवलं. तुझ्यापायी तिच्यात राबून माझी धार गेली, आणि तू तिला नावं ठेवतोस?”

“तू बस गंजत. मला पाण्यातच सगळं मिळतं. मातीवाचून माझं काही अडत नाही.”

आणि खरंच अडलं नाही. पुदिना असा फोफावला, की खुरपं आणखीनच जळफळलं.

मग ऐन उन्हाळ्यात एका सकाळी वीज गेली. पंप थांबला, नळी कोरडी पडली आणि दुपारपर्यंत पुदिन्याने मान टाकली. वेणूबाईंनी घाईघाईने खुरपं काढलं. वाफ्यातली माती वरून तापली होती, पण आत तिने ओल धरून ठेवली होती. खुरपं धुसफुसतच खणू लागलं.

“मला परत घाण लागेल का रे?” पुदिन्याने क्षीण आवाजात विचारलं.

दातओठ खात खुरप्याने खड्डा आणखी चार बोटं खोल केला, त्या धुतलेल्या मुळांना ओल लागावी म्हणून.