कोटाचं अपडेट

बार्शीच्या वत्सलाबाई पोरे शिवणकाम करत आणि गिऱ्हाइकांची मापं फोनमध्ये ठेवत. एकदा चार्जिंगला लावलेल्या फोननं आपणहून अपडेट घेतलं आणि तेव्हापासून एक माप उघडायला दहा मिनिटं लागू लागली. सर्व्हिस सेंटरचे खासनीस साहेब मान वर न करता म्हणाले, "अपडेट उत्तम आहे, बाई. फोन जुना झालाय. नवा घ्या."

आठवड्यानं साहेबांनी आपला कोट वत्सलाबाईंकडेच टाकला. न्यायला आले, तर कोट पोटावर मिटेना.

"अहो, मी फक्त बटण लावायला दिला होता."

"मीही फोन फक्त चार्जिंगला लावला होता."

"संध्याकाळी सत्कार आहे माझा."

वत्सलाबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "शिलाई उत्तम आहे, साहेब. शरीर जुनं झालंय. नवं घ्या."

साहेबांनी तो फोन दुरुस्तीला घ्यायला हात पुढे केला, तेव्हा कुठे बाईंनी उसवायला कात्री उचलली.