पाहुणे बुजतात

“सून मुकी मिळाली, बरंच झालं. आपला पोट्टा कसा आहे ते माहेरी सांगणार नाही,” सासूबाई चुलीपाशी शेजारणीला म्हणाल्या. दाराआड नवी सून फुलवंता उभी होती. तिनं ऐकलं आणि गप्पच राहिली.

पोट्टा कसा होता? तर रानाला लागून असलेल्या एका टोल्यावरचा, चार घरांच्या वस्तीवरचा, भोळा चैतराम. सांगाल ते करायचा. पंचाईत तीच होती.

त्या हिवाळ्यात रानातलं गवत लवकर सुकलं. जंगलखात्याच्या गार्डसाहेबांनी चैतरामला हरणांना चारा घालायला ठेवलं. त्यानं पहिल्याच दिवशी पातेलंभर भात घातला. एका हरणाचं पोट टम्म फुगलं.

“अरे, नवं अन्न सोसत नाही त्यांना! रोज खातात तोच पाला टाक,” गार्डसाहेब म्हणाले.

“बरं.”

संध्याकाळी फुलवंताचे वडील आले. घरात कोंबडीचा रस्सा रटरटत होता.

“मामाजी, घरी रोज काय खाता?”

“पेज न् चटणी.”

चैतरामनं पेज-चटणीच वाढली. रस्सा झाकून ठेवला. म्हणाला, “पोट फुगेल.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अरे बाप्पा, पाहुण्याला पाटावर बसवावं, आग्रह करावा. नको म्हटलं तरी वाढावं!”

“बरं.”

सकाळी त्यानं रानात पाट मांडले. रांगोळी काढली. पाल्याची जुडी घेऊन हरणांमागं धावला, “एकच घास! माझ्यासाठी!” कळप उधळला तो थेट सडकेवर. ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून निभावलं.

गार्डसाहेब ओरडले, “पाला लांब लांब टाकायचा, म्हणजे झुंज होत नाही. मग लपून बसायचं. माणूस दिसला की बुजतात!”

“बरं.”

पुढं नणंदेला, तारकाला, बघायला पाहुणे यायचे होते. आधीची स्थळं चैतरामपायीच मोडलेली. हा मुलगा तर तारकाच्या मनातला.

“बाप्पा, आज तू फक्त पोहे दे,” सासूबाई म्हणाल्या आणि सगळ्या आत नटायला गेल्या.

चैतरामनं बाहेरून कडी घातली. एक बशी चिंचेखाली ठेवली, एक विहिरीवर, एक उकिरड्याशेजारी. आणि स्वतः तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरला.

पाहुणे आले. अंगणात चिटपाखरू नाही. जिकडेतिकडे पोहे. आतून कुणीतरी दार बडवतंय. तेवढ्यात तणीस बोललं, “खा, खा. इथं कुणी नाही.”

“भुताटकी!” पाहुण्यांनी चपला टाकून धूम ठोकली.

“दार वाजवलंस ना, आई? बुजले बघ,” तणीस म्हणालं.

आत तारकानं हंबरडा फोडला. सासूबाई मटकन खाली बसल्या. फुलवंता खिडकीशी उभी होती. तारकाला बघायला आलेला नवरदेव मात्र उकिरड्याशेजारी उकिडवा बसून बशी चाटत होता. चाटून झाल्यावर तो विहिरीवरच्या बशीकडे निघाला.

तेव्हा फुलवंता लग्नानंतर पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली:

“आत्याबाई, उठा. नवरदेव अजून खातोय. हा आपल्याच घरात शोभेल.”